मास्तरांचा ब्रेक

हाफक्लच मास्तरांची नक्कल येत नाही असा माणूस त्या भागात शोधूनही सापडला नसता. त्यासाठी फार अक्कलही लागत नव्हती. हनुवटी छातीत रुतवायची, डोळे अर्धे मिटायचे, आवाज नाकातून काढायचा आणि दर चार शब्दांनी एक सुस्कारा सोडायचा. "हाफ क्लच... हाफ म्हणजे किती? अर्धा. अर्धा म्हणजे किती? ... जाऊ द्या. उतरा तुम्ही." बँकेतला कॅशियर ही नक्कल करायचा, प्राथमिक शाळेतल्या बाई करायच्या. दातांची डॉक्टरीण तर पेशंटच्या तोंडात यंत्र घातल्यावर मुद्दाम करायची, म्हणजे बिचाऱ्याला हसताही येऊ नये. हे सगळे मास्तरांचेच विद्यार्थी. सव्वीस वर्षांत चार हजारांवर माणसं मास्तरांनी स्टिअरिंगवर बसवली, आणि त्यांतलं एकही त्यांच्या तोंडून "छान" हा शब्द ऐकून खाली उतरलं नाही.

"छान म्हटलं की पाय सैल पडतो," मास्तर म्हणायचे. "माणसाचा पाय भीतीवर चालतो. पेट्रोलवर गाडी चालते."

तरुणपणी त्यांनी आठ वर्षं बस चालवली होती. अपघात शून्य. नोकरी का सोडलीत, असं विचारलं तर सुस्कारा टाकून सांगायचे, "चाळीस जण मागे बसायचे. चाळिसांपैकी एकालाही शिकायचं नसायचं. वाया."

त्यांची शाळा म्हणजे सायकलवाल्याच्या दुकानावरची एक खोली. भिंतीवर वाहतुकीच्या चिन्हांचा तक्ता, त्यातलं 'थांबा' उन्हाने विटून गुलाबी झालेलं. टेबलावर मधोमध कापलेला एक गिअरबॉक्स. तो शिकवण्यासाठी आणला होता, पण त्याच्या दातांत मास्तर पेनं अडकवून ठेवायचे. खाली रस्त्यावर पांढरी गाडी, आणि खरी शाळा त्या गाडीतच.

शेजारच्या सीटपुढे दुसरा क्लच आणि दुसरा ब्रेक, हे शिकवण्याच्या सगळ्याच गाड्यांत असतं. मास्तरांनी मात्र आपल्या ब्रेकला स्वतःच्या हाताने भोंगा जोडला होता. त्यांनी पाय दाबला रे दाबला, की डॅशबोर्डाखालून आवाज यायचा, ट्यांव! एखाद्या बदकावर कोणी बसावं तसा. विद्यार्थी सीटवरून उडायचा.

"हा आवाज म्हणजे काय?" मास्तर विचारायचे. "म्हणजे आत्ता तुम्ही मेला होतात. मी होतो म्हणून आहात. या गाडीत चालक दोन असतात. एक शिकाऊ आणि एक मी."

मग शर्टाच्या खिशातून पेन निघायचं आणि काचेवरच्या ऊन अडवायच्या झापेतून कार्ड. प्रत्येक विद्यार्थ्याचं एक, जाड, पिवळं. तारीख, वेळ, ठिकाण, आणि शेवटचा रकाना 'मास्तरांचा ब्रेक'. तिथे एक उभी रेघ आणि पुढे सही. सलग तीन धडे रेघेविना गेले की मगच मास्तर परीक्षेच्या अर्जावर सही करायचे. परिवहन कचेरीतले परीक्षक ते पिवळं कार्ड बघून गाडीत बसण्याआधीच निर्धास्त व्हायचे. एकदा मास्तरांच्या घरमालकाने आपल्या कार्डावरची एक रेघ खोडायला सांगितली. मास्तरांनी रेघ खोडली नाही. शेजारी आणखी एक काढली. "ही कशाबद्दल?" घरमालक म्हणाला. "विचारल्याबद्दल," मास्तर म्हणाले.

या शाळेत कारकून एकच, मास्तरांची बायको. फोन घेणं, वेळा लावणं, कोरी कार्डं आखणं, भरलेली कार्डं खणात नीट लावून ठेवणं, हे सगळं ती पंचवीस वर्षं करत आली होती. चिन्हं तिला पाठ, नियम तिला पाठ. कोणत्या कोपऱ्यावर कोणाची गाडी बंद पडते, हेही तिला माहीत. चालवायला मात्र तिला कधी कोणी शिकवलं नव्हतं. सुरुवातीला तिने दोन-तीनदा विचारून पाहिलं.

"तुला कुठे जायचंय?" मास्तर म्हणायचे. "जायचं असेल तर मी आहे ना."

मग यंदा, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, तिने गुपचूप शिकाऊ लायसनचा अर्ज भरला. लायसन आल्यावर वेळांच्या वहीत सकाळी सात ते आठच्या चौकटीत एक नाव लिहिलं.

"अगं, ही सातची कोण?" मास्तरांनी विचारलं.

"मी."

मास्तर वहीकडे बघत राहिले. वहीत लिहिलेलं खोडायचं नाही हा त्यांचाच नियम होता. दुसऱ्या दिवशी सात वाजता ते शेजारच्या सीटवर बसले, हनुवटी छातीत रुतवली आणि म्हणाले, "बाई, आरसा."

गाडीत ती 'बाई' आणि ते 'मास्तर'. गाडीतून उतरलं की ती 'अगं' आणि ते 'अहो'. पहिल्या धड्याला नऊ रेघा पडल्या. मग सात, सात, पाच. अकराव्या धड्याला एक. बिनरेघेचा धडा अजून झाला नव्हता.

तेवढ्यात तिचा थोरला भाऊ निवृत्त झाला. पाणीपुरवठ्याच्या पंपघरात पस्तीस वर्षं वाल्व फिरवून सुटला म्हणून त्याने रविवारी दुपारी घरी जेवण ठेवलं आणि जेवणाआधी बाटली काढली.

"दाजी, आज नाही म्हणायचं नाही."

"गाडी आहे."

"गाडी काय पिणार आहे का? धरा."

मास्तर एरवी कधीमधीच घेत. त्या दुपारी तीन ग्लास झाले. चौथा मेव्हण्याने "पंपघराच्या नावाने" म्हणून भरला, तोही गेला. चार वाजता सगळे दारापर्यंत पोचवायला आले. मास्तरांनी खिशातून किल्ली काढली, सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली आणि म्हणाले, "घेतली की स्टिअरिंगला हात नाही. हा माझा नियम आहे." मग किल्ली बायकोच्या हातात दिली. "बाई. बारावा धडा. बसा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मेव्हण्याने तर दोन्ही हात जोडले. "दाजी, माणूस असावा तर असा. पितो, पण कायद्यात राहून पितो!"

'एल'ची पाटी मास्तरांनी स्वतः मागे लावली. एकदा हातातून पडली. दुसऱ्यांदा लागली, जरा तिरकी.

आणि बाईंनी गाडी सुरेख चालवली. आरसा, इंडिकेटर, तिसरा, दुसरा, पुन्हा तिसरा. खरं तर तो त्यांचा पहिला बिनरेघेचा धडा ठरायचा. मास्तरांच्या तोंडावर ऊन येत होतं. डोळे नेहमीच्या अर्ध्यावरून पाऊण मिटले. वाटेत बेकरीचा कोपरा आला. तिथे रस्ता एकाएकी चिंचोळा होतो आणि सव्वीस वर्षांत प्रत्येक नवशिका तिथे गडबडला होता. बाईंनी आधीच वेग उतरवला, दुसरा गिअर टाकला, ब्रेकवर पाय हळू टेकवला.

मास्तर झोपले होते. त्यांचा पाय जागा होता. त्याने तो कोपरा ओळखला आणि सर्व ताकदीनिशी खाली गेला.

ट्यांव!

गाडी जागच्या जागी खिळली. मागून धडाम् असा आवाज आला. मागोमाग एक शिंपी स्कूटरवरून येत होता. तो मागच्या काचेवर आपटून रस्त्यावर बसला, बसला तो उजवं मनगट डाव्या हातात धरून. त्याचा गठ्ठा सुटला. शिवून तयार झालेले शर्ट आणि पँट्स रस्ताभर पसरल्या, एक कोट तर गाडीच्या टपावर हात पसरून पालथा पडला.

बायको दार उघडून शिंप्याकडे धावली. मास्तरांनी काय केलं? खिशातून पेन काढलं, झापेतून कार्ड काढलं. चार वाजून वीस मिनिटं. बेकरीचा कोपरा. एक उभी रेघ. सही. आणि मगच ते खाली उतरले.

"बाई, कितीदा सांगितलं, या कोपऱ्यावर..."

"आधी यांचा हात बघा हो!" ती ओरडली.

चौकातून एक पोलीसबाई आली. वयाने लहान, गळ्यात शिट्टी, आवाज मात्र हेडमास्तरीणबाईंचा. तिने आधी शिंप्याला रिक्षात बसवून दवाखान्यात धाडलं, मग वही उघडली.

"गाडी कोण चालवत होतं?"

"या."

"आणि तुम्ही?"

"मी शिकवत होतो."

"तुमच्या तोंडाला वास येतोय."

"शेजारी बसणाऱ्याला वास चालतो," मास्तर म्हणाले. "मी नियम पाळलाय. स्टिअरिंगला हात लावला नाही. विचारा कोणालाही."

पोलीसबाईने खिडकीतून आत डोकावून पाहिलं. "हे तुमच्या पायाखालचं काय आहे?"

"ब्रेक."

"ब्रेक ज्याच्या पायाखाली तोही चालक. हे तुम्ही शिकवत नाही का?"

शिकवत होते. रोज शिकवत होते. या गाडीत चालक दोन असतात.

"फुंका."

मास्तरांनी फुंकलं. तीसच्या वर गुन्हा. यंत्रात आले शहाऐंशी. "यंत्र बिघडलंय," मास्तर म्हणाले. "पुन्हा फुंका," ती म्हणाली. पुन्हा फुंकलं. अठ्ठ्याऐंशी. तिने त्यांचं लायसन काढून घेतलं आणि पावती फाडून दिली. चाळीस वर्षांत लायसन पहिल्यांदाच मास्तरांच्या खिशाबाहेर राहिलं. त्या संध्याकाळी ते सारखे छातीवरचा खिसा चाचपत होते.

आठ दिवसांनी आरोपपत्र आलं. ते घेऊन मास्तर वकिलाकडे गेले. वकीलही त्यांचाच विद्यार्थी, एकोणीस रेघांचा. तो प्रत्येक वाक्य "असं बघा"ने सुरू करायचा आणि स्वतः मात्र कुठेच बघायचा नाही.

"असं बघा मास्तर, यात दोन गोष्टी आहेत. शिकाऊच्या शेजारी पिऊन बसलात, हा एक गुन्हा. लहान. दंड भरा, कान धरा, घरी जा. पण असं बघा, पिऊन ब्रेक मारलात आणि माणूस जायबंदी केलात, तर कायद्याने गाडी तुम्ही चालवलीत. मग लायसन दोन वर्षं जप्त. आणि शिकवण्याचा परवाना कायमचा रद्द."

"कायमचा?"

"कायमचा. म्हणजे प्रश्न एकच, पाय कोणाचा होता? शिंप्याच्या डोक्यावर हेल्मेट होतं, त्याला भोंगा ऐकू आलेला नाही. ऐकला तो तुम्ही दोघांनीच. असं बघा, काकूंनी साक्षीत सांगितलं, 'घाबरले, ब्रेक मीच मारला', की मिटलं."

"मग तिला काय होईल?"

"शिकाऊ लायसन रद्द. दोन वर्षं नवा अर्ज करता येणार नाही. पण काकूंना काय, घाई थोडीच आहे?"

"नाही," मास्तर म्हणाले. "तिला कुठे जायचंय?"

वकील उठला, आणि दारापर्यंत पोचवताना त्याच्याने राहवलं नाही. हनुवटी छातीत रुतवून म्हणाला, "हाफ क्लच मास्तर, हाफ क्लच. सगळं ठीक होईल." मास्तरांनी हे आजवर कधी समोरासमोर ऐकलं नव्हतं. आपण असे बोलतो हे त्यांना तेव्हा कळलं. पटलं नाही, ती गोष्ट वेगळी.

घरी बायको इस्त्री करत होती. शिंप्याचे मळलेले कपडे तिने धुवून आणले होते, तेच एकेक करून घडी घालत होती. मास्तर समोर खुर्चीवर बसले.

"कोर्टात तू सांगायचं, पाय माझा होता म्हणून."

"तुमचा होता म्हणून?"

"माझा नाही! तुझा. तुझा होता असं सांगायचं."

"आणि माझी परीक्षा?"

"दोन वर्षांनी दे."

"चोपन्न वर्षांची आहे मी."

"मग छप्पन्नाव्या वर्षी काय पाय कमी होतात माणसाला?"

तिने कोटाची बाही उलटवली. इस्त्री फिरवली.

"आणि कार्डाचं काय?" ती म्हणाली.

"कुठलं कार्ड?"

विचारलं आणि त्याच क्षणी त्यांना आठवलं. चार वाजून वीस मिनिटं, बेकरीचा कोपरा, रेघ, सही. स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं होतं. नाही, स्वतःच्या पायाने.

"कुठे आहे?"

"कारकुनाकडे," ती म्हणाली. "कारकून मीच."

"फाडून टाक."

"घरमालकाचं फाडलं होतंत?"

"अगं, घरमालकाचा परवाना चालला नव्हता! आपलं पोट आहे त्या परवान्यावर. ही काय वेळ आहे का—"

ती आत गेली आणि पिवळं कार्ड घेऊन आली. टेबलावर त्यांच्यासमोर ठेवलं. बाजूला पेन ठेवलं.

"हे बघा. मी खोटं बोलायला तयार आहे," ती म्हणाली. "तुमच्यासाठी दोन वर्षं थांबायलाही तयार आहे. पंचवीस थांबले, त्यात दोनाचं काय. कार्डही मीच फाडेन, तुमच्यासमोर. पण त्याआधी या रेघेपुढे एवढंच लिहा, 'रेघ चुकली.' मी थांबतच होते त्या दिवशी. दुसऱ्या गिअरमध्ये होते, ब्रेकवर पाय होता माझा. तुम्हाला उगीच दाबायचं काहीच कारण नव्हतं. लिहा, आणि मला दाखवा. मग फाडते."

"फाडायचंच आहे तर लिहायचं कशाला?"

"मला वाचायचंय."

मास्तरांनी पेन उचललं. खरंच उचललं. कार्डावर नऊ, सात, सात, पाच अशा त्यांच्याच हातच्या रेघा ओळीने उभ्या होत्या. सगळ्यांत खाली ती एक, जरा तिरकी, 'एल'च्या पाटीसारखी. दोन शब्द लिहायचे होते, आणि ते कोणी बघणारही नव्हतं. घरात दोघंच होती आणि इस्त्री होती.

मास्तरांनी पेन खाली ठेवलं.

"तू थांबत नव्हतीस."

"अहो, मी—"

"मी उगीच ब्रेक मारत नाही. चार हजार माणसं शिकवली. एकही रेघ चुकली नाही. तुझ्यासाठी काय म्हणून चुकेल?"

"झोपला होतात तुम्ही."

"झोपेतही मला कळतं."

तिने कार्ड उचललं. "बरं," एवढंच म्हणाली. आणि कोटाची दुसरी बाही इस्त्रीला घेतली. पंचवीस वर्षांत हा शब्द मास्तरांनी इतक्यांदा ऐकला होता, की त्याचा अर्थ 'ठीक आहे, तुम्ही म्हणाल तसं' एवढाच होतो, अशी त्यांची पक्की समजूत होती. ते निश्चिंत मनाने जेवले.

कोर्टाची खोली छोटी होती. पंखा फिरताना दर चकरेला एकदा कुरकुरायचा, आणि टंकलेखकाची बोटं नेमकी त्याच तालावर पडायची. न्यायाधीशबाईंचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर, स्वर कंटाळलेला. त्यांच्यासमोर सकाळपासून फुंकून पकडलेली अकरा माणसं येऊन गेली होती. प्रत्येकाने "फक्त एकच घेतली होती" असं सांगितलं होतं.

आधी शिंपी उभा राहिला. मनगटावरचं प्लास्टर मळून करडं झालं होतं.

"समोरची गाडी एकदम उभीच राहिली हो, मॅडम. खांबासारखी. अशी थांबेल असं वाटलंच नाही. हळूहळू थांबत होती, आणि एकदम... खांब." त्याने डाव्या हाताने खांब करून दाखवला. "डॉक्टर म्हणतात, हाड जुळेल. पण कात्री अजून उचलत नाही. उजव्या हाताचं काम आहे माझं."

मग मास्तरांची बायको. तिने धुवट साडी नेसली होती, हातात पर्स. वकिलाने तिच्याकडे बघून डोळ्यांनीच धीर दिला.

"असं बघा, बाई, न घाबरता सांगा. त्या वेळी ब्रेकवर पाय कोणाचा होता?"

मास्तर बाकावर बसले होते, हनुवटी छातीत, डोळे अर्धे मिटलेले. त्यांचे ओठ हलत होते. माझा. म्हण ना. माझा.

तिने पर्स उघडली.

"मास्तरांच्या गाडीत ब्रेक कोणी मारला, हे विचारावं लागत नाही, मॅडम. कार्डावर असतं." तिने पिवळं कार्ड पुढे केलं. "त्यांचंच अक्षर आहे. ते म्हणतात, त्यांची एकही रेघ आजवर चुकलेली नाही. मी खोटं कसं बोलू?"

वकिलाचं तोंड उघडं राहिलं. त्यात एकही 'असं बघा' नव्हतं. न्यायाधीशबाईंनी चष्मा वर केला आणि कार्ड वाचलं. "चार वाजून वीस मिनिटं. बेकरीचा कोपरा. मास्तरांचा ब्रेक, एक." त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. "ही सही तुमची?"

वकील धावत बाकाशी आला आणि मास्तरांच्या कानात फिसफिसला, "म्हणा, नशेत होतो. काय लिहिलं आठवत नाही. रेघ चुकली असेल, म्हणा. एवढंच म्हणा! अजून वाचतो परवाना."

मास्तर उभे राहिले. समोर न्यायाधीशबाई, एका बाजूला शिंपी, दुसऱ्या बाजूला बायको. ती त्यांच्याकडेच बघत होती. नजरेत राग नव्हता. एखादा विद्यार्थी सलग तीन धडे सांभाळून गाडी नेतो आणि मग मास्तर काय म्हणतात म्हणून मान वळवून बघतो, तशी ती बघत होती. दोन शब्दच होते. तेच दोन, जे घरात कोणी बघत नसताना लिहायचे होते.

"माझी रेघ चुकत नाही," मास्तर म्हणाले.

पंखा कुरकुरला. टंकलेखकाने ते वाक्य टिपून घेतलं. मागच्या बाकावर कोणीतरी खुदकन हसलं, आणि ते हसूही नाकातून, मास्तरांच्याच चालीवर होतं.

निकालाला पाच मिनिटंही लागली नाहीत. दंड. लायसन दोन वर्षं जप्त. शिकवण्याचा परवाना रद्द, कायमचा. शिवाय दारू पिऊन वाहन चालवणाऱ्यांसाठी कोर्टाने लावलेल्या वर्गाला बारा शनिवार सक्तीची हजेरी. शिंप्याच्या भरपाईचा दावा वेगळा चालणार होता.

खोलीवरची पाटी मास्तरांनी उतरवली नाही. सायकलवाल्याने उतरवली, कारण त्याला तिथे टायर टांगायचे होते. गाडीचा दुसरा क्लच आणि दुसरा ब्रेक मेकॅनिकने काढून घेतले, शाळा नाही तर ते ठेवायची कायद्याने मुभाही नाही. भोंगा मात्र तसाच राहिला, डॅशबोर्डाखाली वायरला लोंबत, कोणाच्याही पायाला न जोडलेला. बायकोने दुसऱ्या शाळेत नाव घातलं. तिथे कार्ड नव्हतं, भोंगा नव्हता. तिथला शिकवणारा बडीशेप चघळत "छान, ताई, छान" म्हणत राहायचा. ती पहिल्याच फटक्यात पास झाली.

शनिवारचा वर्ग एका शाळेच्या रिकाम्या वर्गात भरायचा. बाक लहान मुलांचे. मास्तरांचे गुडघे बाकाखाली मावत नसत, म्हणून ते कडेला पाय काढून बसायचे. शिकवणारा पोरगेला होता, पडद्यावर चित्रं दाखवायचा. चौथ्या शनिवारी त्याने चित्र लावलं: शेजारची सीट, पायाखाली ब्रेक. "बरेच लोक समजतात," तो म्हणाला, "स्टिअरिंगला हात लावला नाही म्हणजे आपण चालक नाही." आणि मास्तरांकडे न बघण्याची त्याने इतकी काळजी घेतली, की सगळा वर्ग मास्तरांकडे बघू लागला.

पाचव्या शनिवारी प्रत्येकाने उभं राहून आपली चूक सांगायची होती. एकाने डोळे पुसले, एकाने मित्रांना दोष दिला, एकाने नशिबाला. मास्तरांची पाळी आली.

"माझी चूक एकच," ते म्हणाले. "बायकोला शिकवलं."

वर्ग हसला. विनोद केला असं सगळ्यांना वाटलं. मास्तर हसले नाहीत.

बाहेर फाटकाशी पांढरी गाडी उभी होती, आणि स्टिअरिंगवर ती. मास्तर शेजारी बसले. बसताना नेहमीप्रमाणे पाय पुढे ताणले. समोर नुसती रबराची चटई होती.

"पट्टा," ती म्हणाली.

मास्तरांनी पट्टा लावला. गाडी निघाली. अलीकडे दोघांत बोलायचं असं फारसं राहिलं नव्हतं. 'अहो' आणि 'अगं' हेही जेवायला बसताना तेवढं.

बेकरीच्या कोपऱ्यावर शिंपी रस्ता ओलांडायला उभा होता. प्लास्टर निघालं होतं, पण उजवा हात अजून पोटाशी धरलेला, डाव्या हातात गठ्ठा. तिने लांबूनच वेग उतरवला. दुसरा गिअर. ब्रेकवर पाय हलकेच. गाडी इतकी अलगद थांबायला लागली, की शिंप्याला मान वळवून बघायचीही गरज पडली नाही.

मास्तरांचा पाय सर्व ताकदीनिशी चटईवर आपटला.

"ट्यांव," ती म्हणाली. आरशातून नजर न काढता, तोंडानेच, आणि हुबेहूब. मग शिंप्याला हाताने खूण केली, या.

शिंपी गाडीसमोरून गेला. तिच्याकडे बघून मान हलवली. मास्तरांकडे बघून पलीकडे बघितलं.

मास्तरांचा हात सवयीने खिशातल्या पेनाकडे गेला. पेन होतं. झापेत कार्ड नव्हतं.